सात नंबरची शिट्टी

रऊफ : …म्हंजे तुही घरची आमच्या हलीमाबीले सांगते, हलीमाबी मले सांगते, आन् तू रोज माह्या डब्यातली भाजी खाऊन एक शब्द बोलत नाहीस. तीस वर्सं झाले, श्रावण. एकाच कापसाच्या जिनिंगमधी तू बेअरिंगं पाहून राहिला, मी रोलर घासून राहिलो, आन् खबर मले बायकांकून.

श्रावण : इकून बस. डावीकून.

रऊफ : बसतो. हलीमा म्हने, श्रावणभाऊच्या डोक्यात गाठ निघाली. रडून राहिली होती. मी म्हनलं, श्रावणच्या डोक्यात काही निघन यावर माहा विश्वास नाही.

श्रावण : माहाही नव्हता. डॉक्टरनं फोटो दाखवला.

रऊफ : मजाक नको करू. कॅन्सर आहे का?

श्रावण : नाही. साधी आहे. कानातून मेंदूकडं दोन नसा जोडीनं जातात, एक ऐकायची, एक तोल सांभाळायची. त्याहिच्यावर बसली आहे. अकूस्टिक न्यूरोमा म्हनतात. पोरानं, अंकुरनं, चिठ्ठीवर लिहून देल्लं, खिशात ठेवतो. कोनी विचारलं का दाखवतो. नाव वाचल्यावर मानसं खुर्ची देतात.

रऊफ : केवढी आहे?

श्रावण : सरकीएवढी.

रऊफ : डॉक्टर सरकी म्हने?

श्रावण : डॉक्टर मिलिमीटर म्हने. मी म्हनलं साहेब, जिनिंगचा मानूस आहे, पेनानं काढून दाखवा. त्यानं कागदावर काढली. मी म्हनलं, ही तं सरकी आहे. आता तोही सरकीच म्हनते. परवा अमरावतीले दुसरा फोटो काढला, तवा त्याचं पह्यलं वाक्य, काका, सरकी जागच्या जागी आहे.

रऊफ : म्हंजे वाढली नाही.

श्रावण : सहा महिन्यात काहीच नाही. लय आळशी आहे. आता एका सालानं पाहू म्हने.

रऊफ : अल्हम्दुलिल्लाह. मंग तोंड काहून पाडून बसला?

श्रावण : तोंड असंच आहे.

रऊफ : एक मिनिट. तुले कानात काही आवाजगिवाज येते का? हलीमा म्हनत होती, सारखी शिट्टी वाजते.

श्रावण : येते. उजव्या कानात. बारीक. बेअरिंग कोरडं पडलं का कशी येते, तशी.

रऊफ : कधीपासून?

श्रावण : तुहा चहा थंडा होऊन राहिला.

रऊफ : श्रावण. मागच्या सीझनले तू सात नंबरची मशीन खोलली होती.

श्रावण : हो.

रऊफ : तीन खेपा खोलली. शिट्टी येते म्हने तू. किशोरशेठनं नवं बेअरिंग आनलं. मंग शाफ्ट बदलला. मंग तू म्हने रोलर असन, तवा मी रोलर उतरवून दोन दिवस घासला. तरी तू म्हने येते. शेवटी शेठनं मशीन अंजनगाव सुर्जीच्या मानसाले विकून टाकली.

श्रावण : हो.

रऊफ : ते शिट्टी मशीनमधी नव्हती.

श्रावण : नाही.

रऊफ : दोन दिवस घासला यार मी तो रोलर.

श्रावण : चांगला घासला होता.

रऊफ : तुले समजलं कवा?

श्रावण : मशीन ट्रकमधी चढली, आन् शिट्टी माह्याबरोबर घरी आली. पह्यले मले वाटलं मिक्सर. खोलला. मंग पंखा खोलला. घरात काही उरलं नाही, तवा शेजारच्या भगवंतची पान्याची मोटर खोलून देल्ली, त्यानं सांगतलं नव्हतं तरी. मे महिन्यात एका दुपारी लाइन गेली. अख्ख्या गल्लीतले कूलर बंद. अकोल्याची मे महिन्यातली दुपार, कुत्रं भुंकत नाही. आन् शिट्टी चालूच. तवा समजलं, ज्या मशीनची शिट्टी आहे तिले वीज लागत नाही.

रऊफ : मंग डॉक्टरकडं गेला.

श्रावण : अंकुरनं नेलं. तिथं मजा झाली. डॉक्टरनं दोन पायाचा लोखंडी चिमटा काढला, हातावर आपटला, आन् दांडी माह्या कपाळाले टेकवली. विचारते, आवाज कोन्या बाजूनं येते? मी म्हनलं साहेब, हा तं माहा धंदा आहे. मी लांब पेचकसाचं टोक बेअरिंगवर ठेवतो, मूठ कानाले लावतो, आन् सांगतो आत काय चालू आहे. तुमी मलेच बेअरिंग करून टाकलं. त्याले लय आवडलं. बाहेर पेशंटची लाइन लागली होती, आन् तो मले विचारून राहिला, कोरडं बेअरिंग आन् तुटकं बेअरिंग यातला फरक कसा ओळखता.

रऊफ : आन् फोटो काढते ती मोठी मशीन? माहा साडू घाबरून अर्ध्यातून उठला होता.

श्रावण : अर्धा तास ठकठक. बाहेर येऊन मी त्या पोरीले सांगतलं, बाई, फाउंडेशनचे बोल्ट ढिले आहेत. ती म्हने, काका, तिचा आवाजच तसा आहे. आता माह्यावर कोनी विश्वास ठेवत नाही. न खोलता आलो. हात खाजवत होते.

रऊफ : उजव्या कानानं काहीच येत नाही?

श्रावण : आवाज येते थोडा, शब्द येत नाहीत. फोन लावला का समोरचा मानूस रांजनात बसून बोलते. आन् दिशा गेली. हाक येते, पन कुठून येते ते समजत नाही. परवा टॉवर चौकात हॉर्न वाजला. मी चारी बाजूनं पाह्यलं, मधातच उभा राह्यलो, हात वर केला. पोलिसाले वाटलं, मी गाड्या सोडून राहिलो. तो चहा प्याले गेला.

रऊफ : त्याच्यानंच तू डोलत चालते. मोहल्ल्यात लोक काय बोलतात माहीत आहे का?

श्रावण : पेतो म्हनतात. घरचीनं दोन खेपा तोंडाचा वास घेतला. एक भगवंत तेवढा खूश होता. वीस वर्सं शेजारी राहून त्यानं कधी नमस्कार केला नव्हता. मी डोलाले लागल्यावर हात धरून नालीवरून पार करून दे. म्हने, भाऊ, सुरुवातीले असंच होते. मी चिठ्ठी दाखवली, तवापासून पुन्हा बोलत नाही.

रऊफ : हसू नको आनू. आन् मले सहा महिन्यांपासून चालताना डावीकून काहून घेते? मले वाटे, इज्जत देऊन राहिला.

श्रावण : उजवीकून सरकी बसते.

रऊफ : बरं. हे सगळं झालं. आता आजचं सांग. दहा वाजता किशोरशेठ येईन. आज नव्या सीझनचा मुहूर्त. तेवीस मशीनी रिकाम्या फिरतीन. तू एकेका बेअरिंगले पेचकस लावशीन, ठीक म्हनशीन, तवा मनकर्णाबाई तिच्यावर कुंकू लावन. सगळ्या झाल्या का तू 'घाला' म्हनल्याबिगर कापसाचं एक बोंड आत पडत नाही. शेठच्या बापाच्या वक्तापासूनचा रिवाज आहे. कोन्या कानानं करशीन?

श्रावण : डाव्या.

रऊफ : आन् तीस वर्सं कोन्या कानानं केलं?

श्रावण : उजव्या.

रऊफ : डाव्याले काय येते?

श्रावण : शिकून राहिला.

रऊफ : शेठले सांग.

श्रावण : सांगतलं तं काय होईन मले माहीत आहे. खुर्चीत बसवन, शाल पांघरन, नारळ देईन, चार शब्द बोलन. मले शाल नको. अकोल्यात शाल कोन पांघरते?

रऊफ : आन् नाही सांगतलं तं?

श्रावण : दोन महिने झाले, सगळ्या मशीनी मीच खोलून भरल्या. त्यात काही निघत नाही. पेचकस लावतो, मान हलवतो, ठीक म्हनतो.

रऊफ : आन् शिट्टी आली तं?

श्रावण : तवाचं तवा पाहू.

रऊफ : तुही म्हनशीन का मशीनची? तुही समजून सोडून देल्ली आन् मशीनची निघाली, तं बेअरिंग तापन. तापलं का रुई पेटते. आपन एका जिनिंगमधी ते पाह्यलं आहे, नाव नाही घेत मी. खाली मनकर्णाबाई आन् पंधरा बाया उभ्या असतात, श्रावण. त्याहिच्या पदराले रुई चिकटलेली असते.

श्रावण : रोलरवाल्याले एवढं कसं सुचते?

रऊफ : रात्रभर सुचत होतं. मी सांगू का शेठले?

श्रावण : तू थांब. घरची म्हनते, घरी बसा आता, अंकुर कमावते. मी तिले खरं कारन सांगतलं नाही. सहा महिने जिनिंग बंद होतं. घरी सगळं चूप. आन् कानातलं हे चालू, सकाळी उठलं का, जेवताना, पोथी वाचताना. घरचीनं रेडिओ आनून देल्ला, तो बिचारा थकला. इथं मागच्या सीझनले चोवीस मशीनी फिरत होत्या ना, तवा ते बुडून जात होतं. एकटी सात नंबर फिरवून पाह्यली का पुन्हा वर येत होतं. म्हनून तं मले वाटे, ते मशीनमधूनच येते. मले पगार नाही दिला तरी चालन, रऊफ. पन हा दरवाजा बंद नको व्हाले.

रऊफ : हे हलीमाबीनं सांगतलं नाही.

श्रावण : तिले माहीत नाही. तुलेच सांगून राहिलो.

किशोरशेठ : मिस्त्री काका. ओ काका. दोनदा हाक मारली, तुम्ही माझ्याकडे पाहतसुद्धा नाही. रागावलात का?

रऊफ : शेठ, ते काय आहे…

श्रावण : थांब रऊफ. शेठ, तिकून नका उभे राहू. इकून या. डावीकून.

किशोरशेठ : आलो. बोला. पण लवकर, गाड्या लागल्यात गेटवर.

श्रावण : मागच्या सालची सात नंबरची शिट्टी मशीनची नव्हती. माही होती.

किशोरशेठ : म्हणजे?

श्रावण : ही चिठ्ठी वाचा.

किशोरशेठ : अकूस्टिक… काका, हे काय आहे? गाठ? कसली गाठ?

श्रावण : आपली रुईची गाठ एकशे सत्तर किलोची असते. ही सरकीएवढी आहे. मरत नाही मी. उजवा कान गेला, शिट्टी राह्यली, थोडा डोलतो. पेत नाही.

किशोरशेठ : पीत नाही?

रऊफ : नाही शेठ. आमी सगळे निराश झालो.

किशोरशेठ : थांबा. म्हणजे सात नंबर चांगली होती?

श्रावण : तुमच्या जिनिंगमधली सगळ्यात चांगली. नवं बेअरिंग, नवा शाफ्ट, रऊफनं दोन दिवस घासलेला रोलर.

किशोरशेठ : मी ती शिट्टी मारते म्हणून विकली, काका. प्रामाणिकपणे सांगून विकली. तो अंजनगावचा माणूस मला दर आठवड्याला फोन करतो. म्हणतो, शेठ, महिना झाला चालवतो, शिट्टी काही येत नाही. खरं सांगा, तुम्ही कोणता दुसरा दोष लपवला?

रऊफ : त्याले म्हना, शिट्टी इकडंच राह्यली.

किशोरशेठ : हसू नका रऊफभाई. मला राग यायला पाहिजे, आणि येत नाही, त्याचाच राग येतोय. काका, मला आधी का नाही सांगितलं?

श्रावण : शाल देसान म्हनून.

किशोरशेठ : शाल?

रऊफ : ते मी मंग समजावून सांगतो.

किशोरशेठ : पण आज काय करायचं? तुम्हीच सांगा. शिट्टी ऐकू आली तर कोणाची ते तुम्हाला तरी कसं कळणार?

श्रावण : पेचकस टेकवला का येते आन् उचलला का थांबते, ते मशीनचं. उचलल्यावरही थांबत नाही, ते माहं.

रऊफ : हे तुले कवा सुचलं?

श्रावण : तू पदराले रुई चिकटते म्हनला, तवा.

किशोरशेठ : आणि चुकलात तर?

श्रावण : म्हनून रऊफले बरोबर द्या. मी कान लावतो, मंग तो हात लावन. गरम लागलं तं सांगन. दोघंही ठीक म्हनू, तवाच कुंकू.

रऊफ : माहे हात जळतीन.

श्रावण : कान गेलेला मानूस तुह्यासमोर बसला आहे, आन् तू हाताचं रडून राहिला.

किशोरशेठ : चला. आणि काका, शेवटचा निर्णय माझा. आज एकही मशीन शंकेवर चालणार नाही.

(पाऊण तासानंतर. जिनिंगच्या दारात. मशीनी रिकाम्या फिरून थांबल्या आहेत. बाया कापसाच्या ढिगाशी उभ्या आहेत.)

किशोरशेठ : बावीस मशीनींवर कुंकू दिसतंय. सोळा नंबरवर का नाही?

श्रावण : शिट्टी आहे.

किशोरशेठ : रऊफभाई?

रऊफ : मले काही ऐकू नाही आलं शेठ. हात लावला, थंडी आहे. पोटावर हात फिरवल्यासारखी फिरते.

किशोरशेठ : मीही कान लावून पाहिला. काही नाही. काका, नाराज होऊ नका, पण ही तुमची तर नसेल?

श्रावण : चार खेपा टेकवला, चार खेपा उचलला. टेकवला का येते, उचलला का थांबते. माही वरच्या पट्टीतली आहे, बारा महिने एकाच सुरात. ही खालची आहे, मधात अडखळते.

किशोरशेठ : मागच्या वर्षीही तुम्हाला अशीच खात्री होती.

श्रावण : होती.

किशोरशेठ : तीन वेळा खोलायला लावली.

श्रावण : हो.

किशोरशेठ : गेटवर गाड्या उभ्या आहेत. मुहूर्त चाललाय.

श्रावण : तुमी म्हनले होते, शंकेवर चालनार नाही. शंका माही आहे. ठेवायची का नाही, ते तुमी ठरवा. मी 'घाला' म्हननार नाही एवढंच.

किशोरशेठ : …रऊफभाई, खोला सोळा नंबर.

रऊफ : खोलतो. पन रोलरले हात लावला कोनी तं बघा.

किशोरशेठ : बसा काका. कोणत्या बाजूला बसू? बरोबर, डावीकडे. एक विचारू? ती गाठ काढून का टाकत नाहीत?

श्रावण : काढता येते. पन तिच्या अंगाले लागूनच तोंडाची नस जाते. आपल्याकडं सरकी ओढताना रुई तुटली तं ग्रेड पडते. तिथं तुटली तं तोंड वाकडं. किरन मारूनही वाढ थांबवता येते म्हने, वाढाले लागली तं. आता वाढत नाही, तं हात लावू नका म्हने. मी म्हनलं डॉक्टरसाहेब, चालत्या मशीनले हात लावू नका, हे मी तीस वर्सं दुसऱ्याले सांगून राहिलो.

किशोरशेठ : आणि कान?

श्रावण : गेलेला येत नाही. डावा राखा म्हने. मशीनी चालू असताना अर्ध्या तासाच्या वर आत थांबू नका.

किशोरशेठ : मग ठीक आहे. सकाळी अर्धा तास, चालू करताना. बाकी दिवसभर इथं दारात खुर्ची. शाल नाही. आणि ज्या दिवशी मला वाटेल की जमत नाही, त्या दिवशी मी स्पष्ट सांगेन.

श्रावण : डावीकून सांगजा.

रऊफ : शेठ. हे पाहा. हातात घ्या, फिरवून पाहा.

किशोरशेठ : खरखरतंय.

रऊफ : ग्रीसचा थेंब नाही. ठणठणीत कोरडं. दोन तास कापसावर चाललं असतं ना, तं लाल झालं असतं. माह्या हाताले थंडं लागत होतं, कसम से. याच्या शिकाऊ कानानं पकडलं.

किशोरशेठ : काका, मानलं तुम्हाला. पण ग्रीस भरलंच नाही? सोळा नंबर भरली कोणी?

रऊफ : आता बोल.

श्रावण : मी. परवा एकाच बाजूचं बेअरिंग भरलं, दुसरं राह्यलं, आन् अमरावतीची गाडी सुटन म्हनून निघालो. आल्यावर वाटलं, भरली होती.

किशोरशेठ : म्हणजे चूक तुमचीच, आणि पकडलीही तुम्हीच.

श्रावण : दुसऱ्याची चूक पकडाले एवढा वेळ नसता लागला.

रऊफ : भरलं ग्रीस, चढवली, फिरवून पाह्यली. ये, लाव पेचकस. थंडी बी आहे, मी दोन्ही हातानं पाह्यलं.

श्रावण : …ठीक आहे. मनकर्णाबाई, लावा कुंकू.

किशोरशेठ : बाया केव्हाच्या थांबल्यात काका. म्हणा आता.

श्रावण : घाला.

किशोरशेठ : चला, सगळ्या मशीनी चालू करा. पुढची गाडी घ्या आत.

रऊफ : श्रावण. ए श्रावण. सगळ्या चालू झाल्या. आता येते का रे ती शिट्टी? अरे, मी विचारून राहिलो, येते का?

श्रावण : तुहं काही ऐकू येत नाही, रऊफ. तिचंही नाही.